उंची दुप्पट, मग वेग दुप्पट का नाही?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी एक मीटर लांब प्लायवूडच्या फळीचा उतार केला आणि खालच्या फरशीवरचं पुढचं एक मीटर अंतर खेळण्यातली गाडी किती वेळात कापते ते मोजलं. उंची 10 सेंमी असताना 0.80 सेकंद लागले, 20 ला 0.57 आणि 40 ला 0.50. उंची दुप्पट केल्यावर वेगही दुप्पट व्हायला हवा ना?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही. पहिली दोन मापं उत्तम आहेत. वेग 1.25 वरून 1.75 मीटर प्रतिसेकंद झाला, म्हणजे 1.4 पट. उंची दुप्पट केली की गाडीला ऊर्जा दुप्पट मिळते, पण गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते.

गडबड 40 सेंमीला आहे. तिथे वेग 2.5 च्या आसपास यायला हवा होता, आला 2. इतक्या उंचीला फळी फरशीशी सुमारे 24 अंशांचा कोन करते आणि गाडी खाली येऊन चक्क आपटते. नुसत्या त्या धक्क्यात साधारण 8 टक्के वेग जातो, नाक घासलं तर आणखी. फळीच्या शेवटच्या वीतभर भागापासून फरशीपर्यंत जाड कार्डशीट गोलाई देऊन बसवा. चिकटपट्टी फक्त कडांना लावा, चाकांच्या वाटेत नको. फरशीचा सांधाही वाटेत येऊ देऊ नका.

उंची फळीच्या टोकाची धरू नका. गाडीचं मागचं चाक सुटताना जिथे असतं तिथून फरशीपर्यंत सरळ उभी मोजा. आधाराला द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके घेतले असतील तर ते बदला, दबतात, विटा बऱ्या. गाडी हाताने सोडली की नकळत ढकलली जाते, म्हणून पुढे पट्टी आडवी धरा आणि उताराच्या दिशेने झटकन काढा.

स्टॉपवॉचवर बोट दाबण्यातच 0.1–0.2 सेकंद इकडेतिकडे होतात. अर्ध्या सेकंदाच्या मापात हे परवडत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला 120 फ्रेमवर, चित्रण करून फ्रेम मोजा. प्रत्येक उंचीला पाच फेऱ्या, आणि मधली किंमत घ्या.

वेग तरीही कमी येत गेला तर चाकांचा आस (मधली दांडी) बघा, केस हमखास गुंडाळलेले असतात. तेल टाकू नका, धूळ धरतं. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.