वाचकांचे प्रश्न : एम.एस्सी. की नर्स प्रॅक्टिशनर?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगला ५८ टक्के आहेत, दीड वर्ष आयसीयूत ड्युटी करते आहे. एम.एस्सी. करू की नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर (एनपीसीसी)? दोन्ही दोन वर्षांचेच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वर्षं सारखी, पण दिवस अगदी वेगळे. दोन्हीसाठी पदवीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, त्यात तुम्ही बसता. मात्र अनुभव पदवीनंतरचा धरतात. इंटर्नशिपचे महिने त्यात मिळवले की अर्ज अडकतो.

एम.एस्सी.त क्रिटिकल केअर ही मेडिकल-सर्जिकल नर्सिंगची उपशाखा असते. वर्ग, अध्यापनाचा सराव आणि प्रबंध यांवर भर राहतो. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर हाच सरळ रस्ता. एनपीसीसी भारतीय परिचर्या परिषदेने २०१६च्या सुमारास आणला. तो रेसिडेन्सी पद्धतीचा (रुग्णालयात काम करत शिकण्याचा) असल्यामुळे बहुतेक वेळ रुग्णाच्या खाटेशी जातो. प्रबंध तिथेही आहे, तेव्हा तो टाळायला म्हणून इकडे वळू नका.

‘प्रॅक्टिशनर’ या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नका. आपल्याकडे त्यातून स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डर्सच्या (कोणत्या स्थितीत काय करायचं याच्या आधीच दिलेल्या आदेशांच्या) चौकटीत काम करायचं असतं. म्हणून प्रवेशाआधी त्या ऑर्डर्स पाहायला मागा. त्या कागदावरच नसतील, तर कोर्सनंतरही तुम्ही स्टाफ नर्सचंच काम करत राहाल.

मग रुग्णालयाची पारख. इमारत आणि सिम्युलेशन लॅब सगळेच दाखवतात. तुम्ही सकाळच्या हँडओव्हरला (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तेव्हा) उभं राहायची परवानगी मिळवा. समजा एबीजीचा (धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीचा) कागद आला : पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्बोनेट २६. प्रीसेप्टर (खाटेशी शिकवणारे मार्गदर्शक) विद्यार्थिनीला काय विचारतात ते ऐका. ‘रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस’ (श्वसन अपुरं पडून रक्तात आम्लता वाढणं) एवढं म्हणून ती सुटली, तर शिकवणं वरवरचं आहे. ‘व्हेंटिलेटरचा रेट वाढवू’ असं ती म्हणाली आणि लगेच ‘रुग्ण सीओपीडीचा (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराचा) आहे, श्वास सोडायला वेळ कमी पडला तर हवा आत अडकेल, मग?’ असा उलट प्रश्न आला, तर जागा चांगली आहे.

दुसरी तपासणी ड्युटी चार्टची. विद्यार्थिनींची नावं थेट खाटांसमोर, स्टाफच्या जागी घातलेली दिसली तर सावध व्हा. रुग्णालय पगार किंवा विद्यावेतन देत असल्यामुळे मनुष्यबळ कमी पडलं की पहिला हात त्यांच्यावरच पडतो आणि शिकणं मागे राहतं. शेवटच्या वर्षाच्या मुलीचं लॉगबुकही चाळा. आर्टेरियल लाइन (धमनीत बसवलेली नळी), एक्सट्युबेशन (श्वासनलिकेतली नळी काढणं), सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) यांच्या नोंदींपुढे ‘पाहिलं’ आहे की ‘केलं’, आणि सह्या त्या-त्या दिवशीच्या आहेत की एकाच शाईत एका बैठकीत केलेल्या, ते लगेच कळतं.

बॉण्ड किती वर्षांचा, मोडल्यास रक्कम किती आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे राहणार, हे लेखी घ्या. मूळ कागद ठेवून घेणारी जागा आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे. मला यातलं काय करता येईल?
– एक वाचक, परभणी

उत्तर : थेट दोन्हीही नाही, आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) हवं. नोंदणीनंतर एक वर्षाचा अनुभव असेल तर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. आयसीयूतच काम करत राहायचं असेल तर घाईने पदवीमागे धावण्यापेक्षा तो बरा.

प्रश्न : एनपीसीसीवर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर होता येतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपोआप नाही. तिथे आधी आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना, मग तिथला मान्य पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि प्रमाणन परीक्षा. आयसीयू नर्ससाठीची सीसीआरएन ही वेगळी परीक्षा आहे. तिच्या नेहमीच्या दोन वर्षांच्या मार्गात गंभीर रुग्णांच्या थेट शुश्रूषेचे १,७५० तास लागतात, त्यांतले ८७५ अलीकडच्या वर्षातले. त्यामुळे परदेशाचा विचार असेल तर बेडसाइड सोडून लांबची विश्रांती घेऊ नका आणि अनुभवपत्रावर युनिटचं नाव व तारखा स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढ्याने पुढे फार पत्रव्यवहार करावा लागतो.