‘फाशीपारधी’ नव्हे, फासेपारधी

यवतमाळकडच्या एका वाचकाचा प्रश्न: पारध्यांच्या बेड्यावरची (वस्तीवरची) मुलं इन्स्टाग्रामच्या बायोत ‘फासेपारधी’ लिहितात, खाली कमेंट करणारे ‘फाशीपारधी’. बरोबर कोणतं? आणि हॅशटॅग जोडून की तोडून?

‘फाशीपारधी’ हा निव्वळ अडाणीपणा. काड्यांना ओळीनं बांधलेले सरकते फास जमिनीत रोवायचे, तितराचा पाय अडकला की गाठ आवळते. ते फासे. फाशीही ‘पाश’चीच लेक खरी, पण पारध्याचा फास पाखराच्या पायाला, माणसाच्या गळ्याला नव्हे. हॅशटॅग जोडूनच लिहा. मध्ये जागा किंवा हायफन आला की तो ‘फासे’वरच तुटतो आणि पोस्ट जाऊन पडते सोंगट्या-जुगारात. तोडायचंच असेल तर अंडरस्कोर द्या.

पण खरी गंमत ‘पारध’मध्ये आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘पापर्द्धौ रः’ असं सूत्र आहे: ‘पापर्द्धि’तल्या दुसऱ्या प-चा र होतो, म्हणून ‘पारद्धि’. पापर्द्धि म्हणजे शिकार, शब्दशः पापाची वाढ! कोशवाले हे मुकाट्यानं उतरवून घेतात. एका शब्दासाठी अख्खं सूत्र खर्चावं लागतं, तिथंच पाणी मुरतंय. माझं मत उलटं: लोकांच्या तोंडी ‘पारद्धि’ आधीपासून होतंच, शिकार निषिद्ध मानणाऱ्या पंडितांनी त्याला संस्कृत अंगरखा शिवताना पाप आत घातलं. शिक्का मारण्याची खोड इंग्रज सरकारपेक्षा जुनी आहे.

त्याच खोडीचा आजचा अवतार म्हणजे ‘माजी गुन्हेगार जमात’. पोरं अभिमानाच्या पोस्टमध्येही हे लिहितात, तेव्हा चीड येते. माजी आमदार कधीतरी आमदार असतोच. मग माजी गुन्हेगार? 1871 च्या कायद्यानं जमातींना जन्मजात गुन्हेगार ‘ठरवलं’, 31 ऑगस्ट 1952 ला त्या सुटल्या. लिहायचं तर ‘गुन्हेगार ठरवलेली’ किंवा सरळ ‘विमुक्त’.

काहींच्या बायोत ‘टाकणकर’ दिसतं. अनुसूचित जमातींच्या यादीत हे नाव पारध्यांच्याच नोंदीत आहे, पण वाचणाऱ्याला ते निव्वळ धंद्याचं वाटतं, म्हणून कमेंटमध्ये शिव्या कमी येतात. शब्दही फेकण्याच्या ‘टाकणे’वरून नव्हे, टाकीवरून, म्हणजे दगडाच्या छिन्नीवरून. टाकणकराचा धंदा जात्याला टाकी लावायचा. जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो, पीठ भरड येतं. मग छिन्नीनं पाळूला, म्हणजे जात्याच्या दगडाला, बारीक खाचा पाडायच्या. पहिला घाणा मात्र फेकायचा, त्यात कच असते.