भावाला डुशेन आहे आणि मी गरोदर आहे: तपासणी कुठून सुरू करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की माहेरी डिचोलीला भावाला डुशेन (स्नायू हळूहळू कमजोर करणारा आनुवंशिक आजार) आहे, तुम्हाला सातवा आठवडा सुरू आहे आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) नॉर्मल आल्याने काळजी नको असं सांगण्यात आलं. त्यावर विसंबू नका. वाहक, म्हणजे स्वतः सहसा आजारी नसून सदोष जनुक बाळाला देऊ शकणाऱ्या, स्त्रियांचं सीपीके पुष्कळदा नॉर्मलच येतं, शिवाय गरोदरपणात ते आणखी उतरतं.

पहिली तपासणी भावाची. त्याच्या फाइलीत डीएमडी जनुकातला नेमका दोष लिहिलाय का पाहा, उदाहरणार्थ 'एक्झॉन ४५ ते ५० डिलिशन' (जनुकाचे ४५ ते ५० क्रमांकाचे तुकडे गायब). निदान नुसत्या बायॉप्सीवर (स्नायूचा तुकडा तपासून) झालं असेल तर आधी त्याचं एमएलपीए (जनुकाचे तुकडे गायब किंवा जास्तीचे आहेत का पाहणारी तपासणी) करा. जांभळ्या टोपणाच्या नळीत २-३ मिली रक्त पुरतं. साधारण ७० टक्के मुलांत दोष इथेच सापडतो, नाहीतर सिक्वेन्सिंग (जनुक अक्षर-अक्षर वाचणं). एकाच एक्झॉनचं डिलिशन दिसलं तर दुसऱ्या पद्धतीने पक्कं करून घ्या, कारण तिथल्या एखाद्या निरुपद्रवी बदलामुळे प्रोब (तपासणीतला शोधक तुकडा) चिकटत नाही आणि खोटं डिलिशन दिसतं.

मग तोच दोष तुमच्या रक्तात शोधायचा. भावाचा दोष ठाऊक नसताना आलेल्या तुमच्या 'निगेटिव्ह'ला फारसा अर्थ नाही. आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तुमची तपासणी टाळू नका. काही आयांच्या रक्तात दोष नसतो, पण काही बीजांडांत असतो.

तुम्ही वाहक निघालात तर प्रत्येक खेपेला मुलग्याला आजाराची निम्मी शक्यता, मुलीला वाहक होण्याची निम्मी. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन होते, किंवा १६ नंतर गर्भजलातून. सोबत तुमचंही रक्त लागतं, नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना हे बघायला. म्हणजे हातात जेमतेम चार-पाच आठवडे आहेत. फॉर्मवर 'गरोदर, सातवा आठवडा' असं ठळक लिहायला लावा, नाहीतर नमुना नेहमीच्या रांगेत पडून राहतो. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाव घातलं असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मुंबई-बेंगळुरू गाठावं लागलं तर प्रवासाचे दिवसही यातूनच जाणार.

सासरी सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. समुपदेशक तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू शकत नाही. नवऱ्याला मात्र बरोबर न्या. घरात आईला बोल लागू देऊ नका: सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच होतो. मावशी आणि मावसबहिणींना कळायलाच हवं, पण चवथीला घर भरलेलं असताना नको. एकेकीशी बोला, भावाच्या रिपोर्टची प्रत द्या.

आणि आई वाहक ठरली तर तिचा ईसीजी आणि इको जरूर करा. वाहक स्त्रियांच्या हृदयाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात, आणि मुलाच्या सेवेत त्यांच्या तब्येतीकडे कुणी बघत नाही.