डिव्ही, बिल्ला आणि फरक

प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरगावात राहणाऱ्या मावशीने धातूच्या दोन जुन्या चकत्या पाठवल्यात. दोन्हींवर तिथल्या को-ऑप सोसायटीचं नाव आहे. एकीवर ‘१ शिलिंग’ असं कोरलंय, दुसरीवर नुसतं ‘ब्रेड’. शाळेच्या प्रदर्शनात त्या मांडायच्या आहेत. पाटीवर ‘टोकन’ लिहावं की ‘नाणं’? आणि मावशी म्हणते ती ‘डिव्ही’ म्हणजे लाभांशच ना?

नाणं लिहू नका. नाणं कुणाच्याही हातातून कुणाच्याही हातात जातं आणि त्याची किंमत टिकते. या चकत्यांना त्या एका सोसायटीबाहेर मोल नव्हतं. शिलिंगवाल्या चकतीने तर सोसायटीच्या दुकानातही काही विकत मिळत नसे. ती खरेदीची खूण होती. सभासदाने शिलिंगभर साखर, पीठ घेतलं, रोख पैसे दिले, की गल्ल्यावरून तेवढ्याच रकमेची चकती हातात पडायची. घरी डब्यात साठवायची आणि हिशेबाची मुदत भरली की सोसायटीत नेऊन मोजून द्यायची. जितक्या रकमेच्या चकत्या, तितकी त्या घराची खरेदी. नफा त्या प्रमाणात परत मिळे. समजा पौंडामागे २ शिलिंग ठरले. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे वर्षभराच्या वाणसामानाचा दहावा हिस्सा घरी परत. इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावी, टोड लेन नावाच्या रस्त्यावर २१ डिसेंबर १८४४ ला २८ सभासदांनी जे सहकारी दुकान उघडलं, त्याच्यामुळे ही वाटपाची रीत इंग्लंडभर रुजली.

मावशीची ‘डिव्ही’ ती हीच. मूळ इंग्रजी शब्द ‘डिव्हिडंड’, म्हणून आपण झटकन ‘लाभांश’ म्हणतो, आणि तिथेच वाचक फसतो. लाभांश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेअर येतात : ज्याचं भांडवल मोठं, त्याला जास्त. इथे भांडवल कुणी किती घातलं हा मुद्दाच नव्हता, दुकानातून किती नेलं हा होता. मराठीत यासाठी नेमका शब्द कोल्हापूरकडे रोज वापरात आहे : ‘फरक’. दिवाळीच्या तोंडावर गावच्या दूध संस्थेत ‘फरक आला का?’ असं विचारतात, तो फरक. वर्षभरात जितकं दूध घातलं त्या प्रमाणात मिळणारी उरलेली रक्कम. तिथे दूध घालणारा, इथे सामान नेणारा. हिशेबाचं तत्त्व एकच. शब्दकोशात हा अर्थ सापडो न सापडो, मी बेधडक ‘फरक’ लिहीन.

आता ‘ब्रेड’वाली चकती. तिचं काम उलटं. पैसे आधी भरून अशा चकत्या घेऊन ठेवायच्या आणि पाववाला आला की एक द्यायची. तिच्यावर किंमत नाही याचं कारण तेच : ती एका पावाची आहे, पैशाची नाही. ही आपल्या ‘कूपन’च्या जवळची.

‘टोकन’ चुकीचं नाही. त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘खूण’ आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं ‘दिशा’, ‘निर्देश’ यांतल्या ‘दिश्’ धातूशी जोडतात. पण मराठीत टोकनवर आधीच फार ओझं आहे. फ्लॅटचं टोकन म्हणजे इसार, दवाखान्यातलं टोकन म्हणजे नंबर. त्यात शेतातली ‘टोकण’ हल्ली सर्रास ‘टोकन’ लिहिली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. बी एकेक करून टोकायचं ती टोकण; शेवटी ‘ण’च हवा.

‘बिल्ला’ मला पटतो. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवा : धातूचा, नंबर ठोकलेला, घासून घासून कडा गुळगुळीत झालेला. बिल्ला अंगावर लावायचा असतो, हा आक्षेप खरा आहे, पण मागे ‘खरेदीचा’ जोडलं की घोटाळा राहत नाही.

पहिल्या पाटीवर लिहा : ‘खरेदीचा बिल्ला, १ शिलिंग. हा परत दिल्यावर सभासदाच्या नावे फरक जमा होई.’ दुसरीवर : ‘पावाचा बिल्ला. पैसे आगाऊ भरलेले.’ खाली गावाचं नाव मात्र मावशीला विचारून, तिथले लोक उच्चारतात तसंच घाला.