लग्नाच्या फोटोंसाठी डेस्कटॉप: दीड लाख कुठे घालू?

प्रश्न: मी गोव्यात डिचोलीला लग्नं, मुंजी, जत्रा यांचे फोटो काढतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाईल) शूट करतो, पण घरचा जुना डेस्कटॉप लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडला की हँग होतो. ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. बजेट मॉनिटर धरून दीड लाख. दुकानदार म्हणतो सगळ्यात भारी गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड घ्या, बाकी कायपण चालेल. तुळशीची लग्नं झाली की आमचा सीझन सुरू, त्याआधी घ्यायचाय. काय करू?

उत्तर: दुकानदाराचं ऐकू नका. आधी घरीच एक करून बघा, लाइटरूममध्ये शंभर फोटो एक्सपोर्टला लावा आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडून ठेवा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसेल बहुतेक. रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा हार्डडिस्कवर ढकलतं, आणि त्याच बिचाऱ्या डिस्कवरून तुमचे फोटोही वाचले जात असतात, म्हणून अडकतं सगळं. अडचण आहे तिथेच पैसे घाला.

म्हणजे रॅम ३२ जीबी, आणि ती १६ च्या दोन पट्ट्यांत. जमत असेल तर सरळ ३२ च्या दोन घ्या, कारण डीडीआर५ च्या (हल्लीच्या रॅमचा प्रकार) चार पट्ट्या लावल्या की बऱ्याचदा स्पीड खाली येतो, मग नंतर वाढवू म्हटलं तर तेवढं सोपं राहत नाही. प्रोसेसर रायझन ७ किंवा त्या तोडीचा इंटेलचा, त्याच्या वर जायची गरज नाही. एक रॉ फाईल ३० एमबी धरली तरी ३००० फोटोंच्या लग्नाचे ९० जीबी होतात, म्हणून २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) घ्या आणि लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटिंगची नोंदवही), प्रीव्ह्यू आणि चालू कामाचे फोटो तिच्यावरच ठेवा. साटा एसएसडी (जुन्या केबलवाल्या जोडणीची) सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, चांगली एनव्हीएमई हजारोंत जाते. अल्बम दिलेली लग्नं मोठ्या हार्डडिस्कवर टाका, दोन कॉप्या करून, आणि त्यातली एक घराबाहेर, बहिणीकडे म्हणा, भावाकडे म्हणा, पण बाहेर.

ग्राफिक्स कार्ड अगदीच नको असं नाही हां. देवळाच्या हॉलात रात्री आयएसओ ६४०० वर काढलेल्या फोटोंना लाइटरूमचं एआय डिनॉइज (फोटोतले दाणे काढणारं टूल) लावता ना, ते काम मुख्यतः कार्डावर चालतं. त्याला ८ जीबी मेमरीचं मधल्या किमतीचं कार्ड पुरतं. वाचलेले पैसे मॉनिटरला द्या. २७ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा), एसआरजीबी ही रंगांची ठरलेली रेंज शंभर टक्के दाखवणारा, आणि कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारं यंत्र) नक्की घ्या, दोघातिघांनी मिळून घेतला तरी चालतो. लॅबमधून अल्बम काळा आला म्हणून किती जण भांडतात, आणि दहातल्या आठ वेळा घरचा मॉनिटर फुल ब्राइटनेसवर असतो. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणा आणि खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडू देऊ नका.

आता आपल्या हवेचं, ह्याचं मला फार वाटतं कारण कोणी सांगतच नाही. गेल्या जुलैत समुद्राकाठच्या मोरजीतल्या एका मित्राचा बंद पडलेला डेस्कटॉप उघडला, तर स्क्रूंना गंज आणि रॅमच्या सोनेरी पिनांवर काळपट थर. पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, पट्टी परत बसवली, चालू झाला. लग्नं नाहीत म्हणून पाऊस लागल्यापासून मशीन कापड घालून बंद ठेवलेलं त्याने. डिचोलीत खारा वारा नसला तरी दमटपणा आहेच, तेव्हा पावसात काम असो नसो, रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. कॅबिनेट जमिनीवर नको, भिंतीला चिकटवून तर नकोच.

यूपीएस किमान १००० व्हीएचा (यूपीएसच्या ताकदीचं माप) घ्या आणि प्युअर साइन वेव्हवालाच (घरच्या विजेसारखी गुळगुळीत वीज देणारा) मागा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून बसू नका, राऊटरची लॅन केबलपण काढा, झटका तिकडूनही येतो.