उष्णता निघून जायचा मजला वर सरकतोय

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापेल? पाण्याची वाफ त्याहून कितीतरी जास्त आणि जास्त प्रभावी, मग खापर कार्बन डायऑक्साइडवरच का? तिसरं म्हणजे, तो जे किरण शोषतो ते आत्ताच जवळजवळ पूर्ण शोषले जातात, मग आणखी भर पडून फरक काय? आणि जाता जाता विचारलंय की मुलीला दाखवायला तो बाटली, सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग (सोडा-व्हिनेगरने एका बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरायचा, दुसरीत साधी हवा, आणि दिव्याखाली कुठली जास्त तापते ते बघायचं) चालेल का.

यातला तिसरा प्रश्न खरा तगडा आहे. त्याची टर उडवणाऱ्यांना बहुधा त्याचं उत्तर येत नसतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या चांगल्या भौतिकशास्त्रज्ञांना याच शंकेने चकवलं होतं. त्यामुळे बाकीचं भराभर उरकतो आणि वेळ तिथे घालवतो.

०.०४ टक्क्यांचं आधी. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन मिळून कोरड्या हवेचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग होतो, आणि जमिनीतून वर जाणाऱ्या अवरक्त किरणांना (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) हे तिघेही जवळपास आरपार जाऊ देतात. आरगॉनचा एकटा अणू, बाकी दोघांत दोन सारखे अणू. ते कितीही थरथरले तरी विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, त्यामुळे किरणाला पकडायला काही सापडत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मात्र मधल्या कार्बनपाशी वाकतो, आणि वाकला की १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे किरण गिळतो. म्हणजे या कामापुरती ती ९९ टक्के हवा जमेतच धरायची नाही. टक्केवारीपेक्षा थराची जाडी बघा. डोक्यावरच्या हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून समुद्रसपाटीच्या दाबाने जमिनीवर पसरला, तर त्याचा साधारण साडेतीन मीटर जाडीचा निव्वळ थर होईल. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो सव्वादोन मीटरच्या आसपास होता. २८० पीपीएमचे (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) ४२० च्या वर गेले, त्याचा हा अर्थ. साडेतीन मीटर निव्वळ वायू म्हटल्यावर ‘एवढासा’ हा शब्द तोंडात येत नाही.

आता हिशेब. सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट येतात. पृथ्वी गोल आहे आणि अर्धी अंधारात असते, म्हणून चाराने भागा: ३४०. त्यातले ३० टक्के ढग, बर्फ, वाळू वगैरे परत उडवून लावतात. उरले सुमारे २४०. तापमान स्थिर राहायचं तर तेवढेच २४० वॉट परत अवकाशात गेले पाहिजेत, आणि २४० वॉट बाहेर टाकणाऱ्या वस्तूचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस येतं. जमिनीचं सरासरी तापमान मात्र अधिक १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश म्हणजे हरितगृह परिणाम. (हे वायू नसते तर बर्फ वाढून आणखी प्रकाश परत गेला असता आणि पृथ्वी उणे १८ च्याही खाली गेली असती, पण ते राहू द्या.) नाव तसं चुकीचंच पडलंय. काचेचं हरितगृह तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा वर निसटू शकत नाही म्हणून. हवेतले वायू असं काही अडवत नाहीत. पण नाव रुळलं, आता कोण बदलणार.

उणे १८ हा आकडा लक्षात ठेवा, कारण ते तापमान कुठेतरी खरोखर आहे: जमिनीपासून सरासरी पाच किलोमीटर वर. अवकाशातून पाहिलं तर पृथ्वीची उष्णता सरासरीने त्या उंचीवरून निघताना दिसते. सगळी गोम इथे आहे.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. १९०० साली क्नुट ऑंगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या सहाय्यकाकरवी नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून अवरक्त किरण सोडले. मग वायू एक तृतीयांश कमी केला. शोषण जेमतेम बदललं. त्यावरून निष्कर्ष निघाला की वायू मुळात पुरून उरतोय, कमीजास्त करून काही होणार नाही. त्याआधी चारच वर्षं, १८९६ मध्ये, स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड करून सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. ऑंगस्ट्रॉमच्या नळीपुढे ते गणित कित्येक वर्षं मागे पडलं. अंदाज जास्तच होता हे खरं. आज दुपटीला तीन अंशांच्या आसपास धरतात, अडीच ते चारच्या दरम्यान. पण दिशा बरोबर होती.

नळीत चुकलं काय? नळीतलं मोजमाप ठीकच होतं. वातावरण म्हणजे एक लांब नळी, हे गृहीत चुकलं. १५ मायक्रॉनचा किरण जमिनीतून निघाला की काही मीटरांतच शोषला जातो, मान्य. पण तिथे गोष्ट संपत नाही. शोषणारी हवा तापते आणि स्वतःच्या तापमानाप्रमाणे तेच किरण पुन्हा टाकते, वर आणि खालीही. वरचा थर ते शोषतो, पुन्हा टाकतो. असं करत करत हवा इतकी विरळ होते की वर टाकलेला किरण कुणाच्या हाती न लागता थेट अवकाशात जातो. तो जिथून सुटला त्या मजल्याचं तापमान किती, यावर पृथ्वी किती उष्णता गमावणार ते ठरतं.

धुक्याचं उदाहरण घ्या. दाट धुक्यात डोंगरावरून खाली बघितलं तर दरी दिसत नाही, धुक्याचा वरचा पदर दिसतो. दरी आधीच झाकलेली आहे, म्हणजे धुकं ‘पूर्ण’ आहे. आणखी धुकं आलं तर दरी ‘जास्त’ झाकली जाणार नाही, पण वरचा पदर वर सरकेल. १५ मायक्रॉनच्या डोळ्यांनी उपग्रहातून पृथ्वीकडे पाहिलं तर असाच कार्बन डायऑक्साइडचा पदर दिसतो. वायू वाढला की तो वर चढतो. आणि हवेच्या खालच्या भागात, म्हणजे तपांबरात, वर जाल तसं थंड होत जातं, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. थंड मजला कमी उष्णता टाकतो. आत येतायत २४० वॉट आणि बाहेर जातायत त्याहून थोडे कमी. ही शिल्लक साठत जाते (नव्वद टक्के समुद्रात), आणि नवा वरचा मजला पुन्हा २४० टाकण्याइतका तापेपर्यंत खालचा सगळा हवेचा खांब तापतो.

पाच किलोमीटर गुणिले साडेसहा करा: तेच ३३ अंश. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर हा मजला साधारण दीडशे मीटर वर जातो, म्हणजे खाली एक अंशाच्या आसपास वाढ. इतर कशाचीही भर न घालता.

‘पुरून उरतोय’ यात तथ्य किती, तेही सांगतो. शोषणाचा पट्टा मध्यभागी गच्च आहे, कडांना विरळ. वायू वाढतो तसा परिणाम मुख्यतः कडांवर होतो, म्हणून वाढ सरळ रेषेत जात नाही. २८० चे ५६० होताना जेवढा परिणाम, तेवढाच ५६० चे ११२० होताना. दर दुपटीला चौरस मीटरमागे चारेक वॉट. शंका घेणाऱ्याला दिलासा मिळाला तर एवढाच.

हे सगळं कागदावरचं म्हणाल, तर निंबस-४ उपग्रहाने १९७० साली घेतलेला सहाऱ्यावरचा वर्णपट (कुठल्या तरंगलांबीला किती उष्णता बाहेर येते त्याचा आलेख) शोधून बघा. मी वर्गात तो आलेख फळ्यावर काढायचो. ८ ते १२ मायक्रॉनच्या दरम्यान वातावरणाची खिडकी उघडी असते. तिथे उपग्रहाला थेट तापलेली वाळू दिसते, जवळपास ४७ अंश सेल्सिअस. पुढे १५ मायक्रॉनपाशी रेषा धाडकन खाली कोसळते, उणे ५० च्या आसपास. तो खड्डा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा पदर, वाळूच्या कितीतरी वर. आणखी बारकाईने बघा, खड्ड्याच्या तळाशी अगदी मधोमध एक छोटं टोक वर आलेलं दिसेल. पट्ट्याचा तो गच्च मध्यभाग इतक्या वरून दिसतो की तिथे स्थितांबर, म्हणजे तपांबराच्या वरचा थर, सुरू झालेलं असतं, आणि स्थितांबरात वर जाल तसं तापमान वाढतं. अंटार्क्टिकावरच्या वर्णपटात तर गंमत उलटी होते. खालचं बर्फच वरच्या हवेपेक्षा थंड, त्यामुळे खड्ड्याच्या जागी उंचवटा. सिद्धांत चुकीचा असता तर इतके नखरे जुळले नसते.

त्या छोट्या टोकातूनच एक भाकीत निघतं. स्थितांबरात कार्बन डायऑक्साइड वाढला तर तिथली हवा उलट जास्त उष्णता बाहेर टाकेल आणि थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितात हे आलं होतं: खाली तापणार, वर निवणार. (मानाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) पुढे फुग्यांनी आणि उपग्रहांनी मोजलं तर तसंच निघालं. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही हात आहे, पण वरच्या भागातली घट मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. ‘सूर्यच जास्त तापलाय’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: मग वरचा मजला गार का पडला? सूर्य तापला तर दोन्ही तापायला हवेत.

पाण्याची वाफ. हो, हरितगृह परिणामात सर्वात मोठा वाटा तिचाच. पण ती स्वतःच्या मर्जीने वाढत नाही. हवेत जास्त सोडलीत तर आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. किती वाफ मावणार हे तापमान ठरवतं, दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त. कार्बन डायऑक्साइडचा पाऊस पडत नाही. आज सोडलेल्यातला बराच भाग शतकांनंतरही हवेत असेल. म्हणून आधी तो तापवतो, मग वाफ वाढते आणि त्यात भर घालते. वर म्हटलेल्या एका अंशाचे तीन होतात ते वाफ, वितळतं बर्फ आणि ढगांमुळे. ढगांचा हिशेब सर्वात किचकट. अडीच ते चार एवढी रुंद रेंज आहे ती बरीचशी त्यांच्या कृपेने.

वाढलेला वायू आपलाच कशावरून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढची प्रतिक्रिया तीच असते. कोळसा आणि तेल इतकं जुनं की त्यात कार्बन-१४ (काळाबरोबर आपोआप नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार) उरलेलाच नाही, आणि मूळ वनस्पतीचं असल्यामुळे कार्बन-१३ (किंचित जड कार्बन) ही कमी. हवेतल्या कार्बनमध्ये दोन्हींचं प्रमाण त्याच अंगाने घसरलंय. शिवाय जाळायला लागतो तेवढा ऑक्सिजनही हवेतून कमी होतोय. ज्वालामुखी म्हणाल तर ते सगळे मिळून वर्षाला आपल्या उत्सर्जनाच्या एक टक्काही सोडत नाहीत.

आता बाटलीचा प्रयोग. नका करू. मी स्वतः तो बरीच वर्षं हौसेने दाखवला, तापमानात फरक पडला की पोरं टाळ्या वाजवायची. मग एकाने विचारलं की दुसऱ्या बाटलीत आरगॉन भरला तर? आरगॉन अवरक्त किरण शोषत नाही, तरी त्याची बाटलीही जवळपास तशीच तापते. कारण दोन्ही वायू हवेपेक्षा जड. बाटलीत तळाशी बसतात आणि आतल्या हवेचं वरखाली फिरणं मंदावतं. म्हणजे प्रयोग हरितगृह वायूचा नसून काचेच्या हरितगृहाचा निघाला! त्यानंतर मी तो बंद केला.

त्याऐवजी लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा, तापाचा नव्हे, यंत्रांसाठी वापरतात तो. उणे तापमान दाखवणारा हवा. स्वच्छ, कोरड्या रात्री उघड्यावर जा आणि तो सरळ डोक्यावर आकाशाकडे धरा. आकडा शून्याच्या बराच खाली जाईल. मग ढगाळ रात्री तेच करा: ढग खालचे आणि दाट असतील तर आकडा जवळजवळ जमिनीच्या तापमानाला येऊन टेकतो. हीच ती वरून खाली येणारी उष्णता, जिच्यामुळे ढगाळ रात्री दव पडत नाही. जगाची सरासरी काढली तर जमिनीला ही आकाशाकडून येणारी उष्णता, थेट शोषलेल्या सूर्यप्रकाशाच्या दुपटीने मिळते. एक अट सांगून ठेवतो: हे थर्मामीटर मुद्दाम त्या उघड्या खिडकीतच, बहुतेक ८ ते १४ मायक्रॉनमध्ये, बघतात. त्यामुळे त्यात कार्बन डायऑक्साइड फारसा दिसत नाही, वाफ आणि ढग दिसतात.

आणि स्वच्छ रात्रीच अजून एक करायला सांगा मुलीला. थर्मामीटर डोक्यावरून हळूहळू क्षितिजाकडे उतरवायचा आणि आकडे लिहीत जायचं. आकाश तेच, पण तिरकं बघताना वाटेत हवा जास्त येते, आणि आकडा चढत जातो.