जपानमध्ये आवडत्या पॉप ग्रुपच्या फॅन इव्हेंटसाठी मुद्दाम जावं का?

तुम्ही विचारलंय की नोकरीचं पहिलं वर्ष झालं, दीड लाख साठलेत, ते आवडत्या आयडॉल ग्रुपच्या (म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या पॉप ग्रुपच्या) हस्तांदोलनाच्या कार्यक्रमासाठी जपानला जाण्यात घालावेत का, आणि कुणी गेलं असेल तर खरंखुरं सांगा. मी गेले होते, नोव्हेंबर २०१९ मध्ये. माझं उत्तर आधीच देते: नुसत्या त्या कार्यक्रमासाठी जाऊ नका. का ते नीट सांगायचं तर सगळं सांगावं लागेल.

ग्रुपचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या मुलींबद्दल अजिबात नाही आणि नाव दिलं की चर्चा तिकडेच जाते. अशा कार्यक्रमांची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच असते. २००५ मध्ये टोकियोतल्या अकिहाबाराला एकेबी४८ हा मुलींचा ग्रुप सुरू झाला तो 'जाऊन भेटता येईल अशा आयडॉल' या कल्पनेवर, आणि सीडीबरोबर हस्तांदोलनाचं तिकीट देण्याची रीत त्यांच्यामुळे सगळीकडे पसरली. एक तिकीट म्हणजे काही सेकंद. वेळ जास्त हवा असेल तर सीडी जास्त घ्यायच्या. त्यामुळे तिकडचे फॅन एकाच गाण्याच्या दहा-दहा, वीस-वीस सीडी घेतात. (जकार्तात २०११ पासून याच घराण्यातला ग्रुप आहे, बँकॉकमध्ये २०१७ पासून. मुंबईसाठीही २०१७ मध्ये घोषणा झाली होती, तेव्हा मी दोन रात्री झोपले नव्हते. तो ग्रुप काही मंचावर आला नाही.)

आपल्या आवडत्या मेंबरला तिकडे 'ओशी' म्हणतात. माझी ओशी मागच्या रांगेतली. प्रत्येक नव्या गाण्यासाठी काही जणींची निवड होते, त्याला 'सेम्बात्सु' म्हणतात. निवड झाली तरी पुढे कोण, मागे कोण हेही ठरलेलं असतं. ही कितीतरी गाण्यांत निवडलीच गेली नाही, आणि गेली तेव्हा सगळ्यांत मागे, कडेला. मी तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका खोलीत राहून सीए फायनलचा तिसरा प्रयत्न करत होते. दोनदा निकाल बघून घरी फोन करायचं धैर्य झालं नव्हतं. त्या दिवसांत तिने ब्लॉगवर लिहिलं होतं की मागच्या रांगेत उभं राहिलं की चेहरा कॅमेऱ्यात येत नाही, पण हात येतात, म्हणून मी बोटांच्या टोकापर्यंत नाचते. एवढंच. मी ते भाषांतराच्या अॅपमधून वाचलं आणि मग तिचे जुने व्हिडिओ काढून नुसते हात बघत बसले. खरंच, शेवटच्या रांगेत एकच जोडी हात अशी होती की जिची बोटं गाणं संपेपर्यंत ढिली पडत नव्हती.

तो ब्लॉग मुळातून वाचता यावा म्हणून मी जपानी शिकायला लागले. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची कमी नाही, परीक्षाही इथेच होते. डिसेंबर २०१८ मध्ये एन३, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा दिली, पास झाले. सीएही त्याच्या पुढच्या प्रयत्नात सुटलं. आणि तिला सांगायचं एक वाक्य मी तयार केलं: 'कोरेत्सु नो कोरो कारा, झुत्तो ते ओ मिते इमाशिता.' तू मागच्या रांगेत होतीस तेव्हापासून मी तुझे हात बघत आले. बसमध्ये, ऑफिसच्या जिन्यात, आंघोळ करताना मी हे वाक्य घोकलं आहे.

तिकीट मिळवणं ही पहिली परीक्षा. जपानमधला पत्ता लागतो, बऱ्याच ठिकाणी तिथलाच मोबाईल नंबर लागतो, आणि पैसे हातात असले तरी सोडतीत नाव निघावं लागतं. माझी मावसबहीण निशिकासाईला राहते, जिथे टोकियोतले खूप भारतीय राहतात. ताईच्या पत्त्यावर मी माझ्या नावाने दहा सीडींसाठी अर्ज केले, तीन लागल्या. एक सीडी साधारण हजार येनची. म्हणजे तिकिटं स्वस्तच म्हणायची, महाग होतं ते बाकी सगळं. विमान, व्हिसा, प्रवासाचा पास, खाणं धरून माझे एक लाख बत्तीस हजार गेले, आणि तेही ताईकडे राहिले म्हणून. हॉटेल धरलं तर तुमच्या दीड लाखात बसणार नाही.

कार्यक्रम माकुहारी मेस्सेला होता, चिबा प्रांतात समुद्राच्या काठी. केइयो लाईनने जावं लागतं. रविवारची सकाळ होती. माइहामाला डिस्नेलँडची मंडळी उतरली आणि अर्धा डबा मोकळा झाला. उरलेल्यांकडे पाहिलं तर कुणाच्या गळ्यात मेंबरच्या नावाचा टॉवेल, कुणाच्या बॅगेला फोटोंचे बिल्ले. आम्ही सगळे एकाच ठिकाणी चाललो होतो. त्या अर्ध्या तासाइतका आनंद मला पुढे दिवसभरात झाला नाही.

दारात ओळखपत्र तपासतात. इथे आपल्या लोकांनी लक्ष द्या. माझ्या पासपोर्टवर नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. त्यांच्या यादीत काताकाना लिपीत फक्त नाव आणि आडनाव, आणि आडनावातल्या 'ळ'चा झालेला 'रु'. टेबलावरच्या मुलीला ते जुळेना. तिने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. सगळे अत्यंत अदबीने बोलत होते, पण प्रत्येक गटाची वेळ ठरलेली असते आणि ती संपली की तिकीट वाया जातं. वीस मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. अर्ज करतानाच पासपोर्टवर आहे तसं अख्खं नाव लिहा.

पुढे मेटल डिटेक्टर, बॅगेची तपासणी. २०१४ च्या मे महिन्यात इवाते प्रांतात एकेबी४८च्या अशाच कार्यक्रमात एका माणसाने करवतीने हल्ला केला, दोन मेंबर आणि एक कर्मचारी जखमी झाले. तेव्हापासून सगळीकडेच बंदोबस्त कडक झाला. हातातलं सगळं टोपलीत ठेवायचं, दोन्ही तळवे उघडून दाखवायचे, मग पुढे. हे मला योग्यच वाटलं.

आत मोठाच्या मोठा हॉल, पडदे लावून केलेल्या गल्ल्या, प्रत्येक गल्लीवर मेंबरचं नाव. माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेली तिकिटं. त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, हो, भारतातून आले, तिला एक वाक्य सांगायचंय. ते थक्क झाले आणि फार आपुलकीने मला सांगायला लागले की तिन्ही तिकिटं एकदम द्या, म्हणजे सलग वेळ मिळेल. स्वतः मात्र ते एकेकच देणार होते. एक द्यायचं, बाहेर पडायचं, पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, मध्ये विचार करायला वेळ मिळतो.

त्यांची पाळी आली तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे होते आणि आतलं बोलणं ऐकू येत होतं. तिने विचारलं, 'दात?' ते म्हणाले, 'काढला.' ती म्हणाली, 'बघा, मी म्हटलं होतं!' दोघं हसले. 'वेळ झाली.' ते बाहेर.

मी तिथेच काय ते समजायला हवं होतं. ते बोलणं मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं होतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होणार होतं. त्या माणसाला सात-आठ सेकंद पुरत होते, कारण त्याच्याकडे असे सात-आठ सेकंद शेकडो वेळा होते. आयडॉलने आपल्याला चेहऱ्याने ओळखायला लागणं, याला तिकडे 'निन्ची' असा शब्दच आहे. फॅन वर्षानुवर्षं येतात ते त्यासाठी. हस्तांदोलनाचा कार्यक्रम ही एकदा घ्यायची भेट नाहीच, तो तिथल्या लोकांचा येण्याजाण्याचा घरोबा आहे. त्यात मी साडेसहा हजार किलोमीटरवरून, आयुष्यात एकदा, तीन तिकिटं घेऊन उभी होते.

माझी पाळी आली. समोर ती. पडद्यावर दिसते त्यापेक्षा लहानखुरी, डोळ्यांखाली थकवा, हात गार पडलेला. मी तिचा हात धरला आणि पहिली गोष्ट काय जाणवली सांगू? अंगठ्याच्या मुळाशी चिकटपट्टी लावलेली होती. ती म्हणाली, 'कोन्निचिवा! पहिल्यांदा आलात?' मी म्हटलं, भारतातून आले. तिचे डोळे मोठे झाले. 'भारत? खरंच? एकट्या? जपानी किती छान बोलता! रोज करी खाता का?'

आता 'रोज करी खाता का' याचं उत्तर 'हो' असं देऊन मोकळं व्हायचं, हे तेव्हा सुचलं नाही. ती मनापासून विचारत होती, मला खोटं बोलायचं नव्हतं. आम्ही करी म्हणत नाही, आमच्याकडे आमटी असते, हे जपानीत कसं सांगायचं ते मी शोधत राहिले. मग मी ते सोडलं आणि म्हटलं, 'कोरेत्सु नो...' आणि खांद्यावर हात आला. 'ओजिकान देस.' वेळ झाली. रांग पुढे सरकवणाऱ्या त्या माणसाला फॅन 'हागाशी' म्हणतात, म्हणजे सोलून काढणारा. तो उद्धट नव्हता. नुसता हात ठेवतो आणि आपण आपोआप पुढे जातो. ती माझा हात सुटेपर्यंत धरून म्हणाली, 'पुन्हा या हं!'

मी बाहेर आले. तीन तिकिटं, जेमतेम वीस-बावीस सेकंद. चार वर्षं घोकलेल्या वाक्याचे दोन शब्द झाले होते.

तिची यात काहीच चूक नाही. ती सकाळपासून उभी होती, अजून किती तास उभी राहणार होती कोण जाणे. समोर परदेशी बाई आली तर दुसरं काय विचारणार? प्रेमानेच विचारलं तिने. पण 'पुन्हा या' हे माझ्या जिव्हारी लागलं, कारण तिथे प्रत्येक जण खरोखरच पुन्हा येणार होता. ते गृहस्थ रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलेच होते. मला बघून त्यांनी लांबूनच विचारलं, सांगितलंत का? मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हातातल्या फोल्डरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली वाकून अभिवादन केलं. तिकीट ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, ते मला देऊ शकत नव्हते. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं.

पाठीमागे समुद्रकिनारा आहे, तिथे मी दोन तास बसले. वारा बोचरा होता. ताईचा फोन आला, 'झाली का भेट?' मी हो म्हटलं.

तर तुमच्यासाठी. जायचंच असेल तर कॉन्सर्टसाठी जा. तिथे पहिल्यांदा आलेला आणि शंभराव्यांदा आलेला एकाच अंधारात बसतो. सोडतीत नाव निघेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. नाव नाही निघालं तरी दलालाकडून घेऊ नका. जून २०१९ पासून चढ्या भावाने तिकिटं विकण्याविरुद्ध तिथे कायदा आहे आणि नाव जुळलं नाही तर दारातून परत पाठवू शकतात. कधीकधी कॉन्सर्ट चित्रपटगृहात थेट दाखवतात, तेही वाईट नाही. व्हिसाचं काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय, २०२४ पासून पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. हस्तांदोलन २०२० मध्ये करोनामुळे बंद पडलं होतं आणि त्याची जागा फोनवरच्या व्हिडिओ-गप्पांनी घेतली. आता दोन्ही प्रकार दिसतात, सेकंद मात्र तेवढेच. आणि हस्तांदोलनाला गेलातच, तर सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य पहिलं बोला. नमस्कार, कुठून आलो, काहीही त्याच्या आधी नको.

मी त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. तेच वाक्य, आणि त्याखाली सीएच्या निकालाचं, आमटीचं, अंगठ्याच्या चिकटपट्टीची काळजी घे असं. ताईने दोन कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) दुरुस्त करून दिल्या. सकाळी विमानतळाच्या आधी निशिकासाई स्टेशनजवळच्या लाल पेटीत ते टाकलं. चौऱ्याऐंशी येनचं तिकीट लागलं.